गार लागलं की हात वर

टक असा आवाज झाला आणि तो फक्त यिल्वाला ऐकू आला. समोर बसलेल्या स्तुरेनं वर्तमानपत्राचं पान उलटलं, कॉफीचा घोट घेतला. राय-धान्याची ती वाळकी, भोकाभोकांची भाकरी रोजचीच होती, वरचं बोटभर लोणीही रोजचंच. पण हा आवाज भाकरीचा नव्हता. भाकरी मोडते तेव्हा आवाज बाहेरून कानात येतो. हा आतून आला होता, जबड्याच्या हाडातून पायवाट काढत. तिनं चावायचं थांबवून जिभेनं चाचपून पाहिलं. खाली डावीकडची पहिली दाढ. शाळेत असताना भरलेली चांदी तिच्यात अजून घट्ट होती, कुठं खरचटलंसुद्धा नव्हतं. मग ती उठली, नळाखाली ग्लास धरला. फेब्रुवारीतलं गोथेनबर्गचं पाणी असं असतं की ओठाला लागलं तरी कपाळात कळ जाते. तिनं घोट उजवीकडे फिरवला, उजवे दात झणझणले. डावीकडे आणला, दाढेवर धरला, धरूनच ठेवला. काही नाही. पाणी तोंडातच कोमट झालं. इतकी वर्षं लोकांच्या दातांची मुळं साफ करण्यात गेली, तिला वेगळं कुणी सांगायला नको होतं. आतली नस मेली होती, आणि आज नाही, केव्हाच मेली होती. काही नसा मरताना घर डोक्यावर घेतात. काही अशा मरतात की शेजारच्या दाताला पत्ता लागत नाही. ही दुसऱ्या जातीची.

"काय झालं?" वर न बघता स्तुरेनं विचारलं.

"काही नाही."

"मग पाणी पिता पिता उभी काय राहिलीस?"

"तहान लागली होती."

यावर त्यानं हूं म्हटलं. या हूंचं तिला फार वाईट वाटायचं, एके काळी. आता ते घरातल्या फ्रीजच्या घरघरीसारखं झालं होतं. बंद पडलं तरच लक्षात आलं असतं.

दोघं एकाच इमारतीत काम करायची. ती तिसऱ्या मजल्यावर, मुळांची. तो दुसऱ्या मजल्यावर, हिरड्यांचा. मुळं वर आणि हिरड्या खाली, असला उलटा कारभार बघून पेशंट हसायचे. दातांचं एक दुखणं असं असतं की ते दोघांचंही असतं: हिरडी दातापासून सुटलेली, तिथं खोल खिसा झालेला, आणि मुळाशी एक्स-रेत काळी सावली. घाण वरून खाली गेली की आतून बाहेर आली, हे नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून गुरुवारी दुपारी दोघं एका पडद्यासमोर बसायची आणि असे दात वाटून घ्यायची. धंद्यातला प्रश्न एकच असतो: आधी कोण? आधी मूळ सडलं असेल तर मूळ साफ करायचं आणि वाट बघायची, हिरडी आपली आपण भरून येते. आधी हिरडी गेली असेल तर काम हिरडीवाल्याचं, आणि आशा निम्मी. कधी दोन्हीकडून दोन दुखणी निघतात आणि मधे भेटतात, तेव्हा दोघांनी मिळून हात लावायचा. आणि कधी यातलं काहीच नसतं, दाताला उभा तडा गेलेला असतो; तेव्हा आधी कोण हा प्रश्नच फोल. कळेनासं झालं की दोघंही एकच वाक्य म्हणायची. थांबू आणि बघू. हे वाक्य इथल्या डॉक्टरांच्या तोंडात थुंकीसारखं कायम असतं.

तूवानं, त्यांच्या मुलीनं, घर सोडून जायच्या आदल्या दिवशी याच टेबलाशी विचारलं होतं, "तुमच्यातलं आधी कोण बोलायचं थांबलं?" खोक्याला चिकटपट्टी लावता लावता, जेवायला काय आहे असं विचारावं तसं विचारलं. यिल्वानं स्तुरेकडे पाहिलं, स्तुरेनं यिल्वाकडे. ती मनात म्हणाली, हा. हा बाहेरूनच खरवडत राहिला सगळी वर्षं, आत कधी आलाच नाही. तो काय म्हणाला असेल ते तिला ठाऊक होतं: ही. ही आत आतच जात राहिली, दार लावून घेत. पण मोठ्यानं तो म्हणाला, "थांबू आणि बघू," आणि दोघं हसली. गुरुवारी हसायची तसं. तूवा नाही हसली. तिनं चिकटपट्टी दातानं तोडली आणि यिल्वा सवयीनं ओरडली, "दातानं नको गं!"

दाढ वाजली त्या आठवड्याच्या गुरुवारी योर्डिस आली. जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेली बाई, आवाज अजून मोटरवर मात करणारा. खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाली, "काय गं पोरी, आज तुझा नवरा बी का? दोन-दोन डॉक्टर एका दातावर! मेला माझा दात काय मंत्री आहे?"

"मंत्री असता तर चार लागले असते," स्तुरे म्हणाला. हा त्याचा दुसऱ्या मजल्यावरचा आवाज होता. खालच्या सुरातला, उबदार, लोकरीच्या हातमोज्यासारखा. यिल्वानं तो घरात ऐकून युगं झाली होती.

"आणि घरी पण असंच का तुमचं? हे तुझं, हे माझं?"

"घरी आम्ही दात काढून ठेवतो," यिल्वा म्हणाली. योर्डिस खुर्ची हलेपर्यंत हसली.

मग यिल्वानं तिला नेहमीचं सांगितलं. दाताला गार बोळा लावीन. गार लागलं की हात वर करा. लागलं तर नस जिवंत, दुखणं हिरडीचं, तुम्ही दुसऱ्या मजल्यावर. नाही लागलं तर माझ्याकडे. योर्डिसनं हात मांडीवर तयार ठेवला, सिग्नलला उभ्या ट्रामसारखा. यिल्वानं चिमट्यात कापसाचा बोळा घेतला, फवारा फुस्स करून बाजूला हवेतच मारला आणि तो कोरडा बोळा दाताला टेकवला. योर्डिसचा हात ताडकन वर.

"लागलं?"

"लागलं की! बर्फ नुसता!"

यिल्वानं बोळ्यावर फवारा मारला. आता खरोखरचा गार बोळा लावला. हात पुन्हा वर, तेवढ्याच तत्परतेनं. मागे उभा असलेला स्तुरे खोकला. ही युक्ती त्याला शिकवली होती तिनंच, लग्नाआधी, विद्यापीठातल्या तळघरातल्या कँटीनमध्ये. बोळा म्हणून साखरेचा खडा घेतला होता आणि पेशंट म्हणून त्यालाच बसवलं होतं. माणसं खोटं बोलत नाहीत, तिनं तेव्हा सांगितलं होतं, माणसं सभ्य असतात. तुम्ही वाकून, वाट बघत उभे असता. तुमचा हिरमोड करणं त्यांच्या जिवावर येतं. म्हणून आधी कोरडा लावायचा. कोरड्याला हात वर झाला, तर त्या हाताचं पुढं काही मानायचं नाही. स्तुरे तेव्हा तिच्याकडे असा बघत राहिला होता, की साखरेचा खडा तिच्या बोटांत विरघळला. "म्हणजे तुझ्यापुढं सभ्यपणा चालायचा नाही," तो म्हणाला होता. "नाही चालायचा," ती म्हणाली होती. तेवीस वर्षांची होती. तेवीस वर्षांच्या मुलीला काय माहीत, सभ्यपणावर किती वर्षं निघतात.

शेवटी दात किंचित कोरून पाहिला, आणि योर्डिस तिसऱ्या मजल्याच्या वाट्याला गेली. तिची नस मेलेली होती.

यिल्वानं स्वतःच्या दाढेचं आठवडाभर कुणाला सांगितलं नाही. मग हिरडीवर एक छोटी पुळी आली, आणि घास डावीकडे गेला की दाढ किंचित उंच झाल्यासारखी वाटू लागली, जणू कुणी खालून टेकू दिला आहे. रीतीनं तिनं दागकडे जायला हवं होतं. दाग तिच्याच हाताखाली तयार झालेला, आता तिच्याइतकाच तरबेज. पण एका संध्याकाळी, शेवटचा पेशंट गेल्यावर, ती जिना उतरून दुसऱ्या मजल्यावर गेली. स्तुरे हात धूत होता.

"माझी एक दाढ बघशील?"

त्यानं आरशातून पाहिलं. "बस," तो म्हणाला, आणि त्या एका शब्दाच्या मधेच कुठंतरी त्याचा आवाज बदलला. खाली आला, उबदार झाला. खुर्ची मागे झुकली. दिवा डोळ्यांवर आला तसे तिनं डोळे मिटले. त्याच्या डाव्या हाताचं बोट तिच्या हनुवटीखाली आलं आणि तिथं राहिलं. ते बोट तिथं राहणं कामाचाच भाग होता, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार! तरी तिच्या मानेतली एक दोरी, जी आहे हेच ती विसरली होती, सैल झाली. "सांभाळून हं, जरासं टोचेल," तो म्हणाला. खिसे मोजायची बारीक सळई हिरडीच्या कडेनं फिरू लागली. तो आकडे पुटपुटत होता, दोन, तीन, दोन, तीन, आणि मग एका जागी सळई बुडाली. नुसती बुडाली. आकडा त्यानं मोठ्यानं म्हटला नाही. अरुंद आणि खोल, एकाच जागी. याचा अर्थ तिलाही माहीत होता आणि त्यालाही. असा खिसा मुळाकडून येणाऱ्या घाणीचा असतो, नाहीतर तड्याचा. हिरडीचं दुखणं ऐसपैस असतं, ते असं विहिरीसारखं खाली जात नाही.

"गार लावून बघू," तो म्हणाला. "लागलं की हात वर कर."

फुस्स. बोळा दाढेला टेकला. तिला कळलं ते कापसाचं टेकणं, आणि त्यापलीकडे काही नाही. आता हात खालीच ठेवला की तो म्हणणार, तुझ्या मजल्याचं आहे. खुर्ची सरळ करणार, दिवा बाजूला करणार, आवाज गुंडाळून खिशात ठेवणार. दाग तिच्या तोंडावर रबराचं पान ताणणार. घरी जाताना ट्राममध्ये स्तुरे तिच्या शेजारी बसणार आणि ओल्या काचेतून बंदराच्या क्रेन मोजणार. हे सगळं एका श्वासात तिच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि तिनं हात वर केला.

तो थांबला. किंचितच. बोट हनुवटीखालीच होतं.

"लागलं?"

"लागलं."

"बरं," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "बरं. मग माझ्याकडचं आहे."

मग दर सोमवारी, काम संपलं की ती खाली जाऊ लागली. तो भूल द्यायचा, हिरडीच्या आत हळूहळू खरवडून साफ करायचा, कोमट औषधी पाण्यानं धुवायचा. त्याचा हात हलका होता. सगळं शहर म्हणायचं, तीही म्हणायची, पण हे तिला ऐकून माहीत होतं, अंगानं नव्हतं. जीभ बधिर, अर्धा गाल बधिर, आणि वरून तो आवाज: थोडंसं राहिलंय, छान चाललंय, शहाणी गं. शहाणी गं! घरी हा माणूस मीठ कुठंय एवढंच विचारायचा. ती सोमवारी केस धुऊ लागली. स्वतःची लाज वाटायची आणि तरी धुवायची. परतताना त्यानं एकदा ट्राममध्ये विचारलं, "भूल उतरली का?" आणि तिला वाटलं की आज काहीतरी बोलता येईल, जिभेवर आलंही. पण जीभ अजून जड होती, शब्द लाळेसारखे सांडले असते. ती नुसती मान हलवून बसली. तिसऱ्या मजल्यावर दिवसभर ती लोकांना सांगायची, खरं सांगा, सभ्यपणा नको, मी रागावणार नाही. सांगताना तिचा आवाज पूर्वीपेक्षा मऊ झाला होता. दाग म्हणाला, "काय यिल्वा, वसंत लागला वाटतं!" वसंत लागलाच होता. चौकातल्या बाकांवर लोक डोळे मिटून, उन्हाकडे तोंडं करून बसत होते, सगळ्या शहराला एकदम भूल दिल्यासारखे.

पुळी जाईना. दर सोमवारी ती थोडी बसायची आणि गुरुवारपर्यंत पुन्हा वर यायची. साहजिकच होतं. तो वरचं अंगण झाडत होता आणि मढं माजघरात होतं. तिला कळत होतं. रोज कळत होतं. तिचे आजोबा उत्तरेकडच्या किनाऱ्यावर ग्रॅनाइटच्या खाणीत पाथरवट होते. छिन्नी मारताना म्हणायचे ते दोन चरण तिला त्या दिवसांत उगीचच तोंडी यायचे:

दगड बाई दगड, दिसे किती गं साबूत,
थेंब शिरला चोरून, हिवाळ्यानं केलं भूत.

पाणी दगडात शिरतं तेव्हा दगडाला काही होत नाही. ते आत गोठतं तेव्हा होतं. आणि मग वसंतात, ऊन पडल्यावर, सगळं ठीक झालं असं वाटतं त्या दिवशी, दगड दोन होतो.

एका सोमवारी स्तुरे म्हणाला, "आज उघडून बघतो." त्यानं हिरडी कापून दुमडली, निळं औषध लावलं, धुतलं, दिवा जवळ ओढला. मग छोटा आरसा तिच्यासमोर धरला. मुळावरून, चांदीच्या काठापासून खालपर्यंत, एक निळी रेघ गेली होती. केसाएवढी. एखाद्यानं पेन्सिलीनं हलकेच ओढून ठेवावी, पुढे इथून कापायचं आहे म्हणून.

"तडा," तो म्हणाला. आता तो दुसऱ्या मजल्यावरचा आवाज नव्हता, घरचाही नव्हता.

तिनं मान हलवली. काढण्याशिवाय इलाज नव्हता, हे शिकाऊ पोरानंही सांगितलं असतं. त्यानं काढली. दाढ निघताना हाडातून पुन्हा तोच आवाज आला, पायवाटेनं, या वेळी बाहेर जाणारा. तिनं डोळे उघडले तेव्हा तो दाढ दिव्याखाली धरून बघत होता. दोन तुकड्यांत आली होती. आत, जिथं नस असते तिथं, जुन्या दिव्याच्या काचेसारखं काळं होतं. त्यानं टाके घातले, जखमेवर कापडाची घडी ठेवली आणि म्हणाला, "चाव. घट्ट. अर्धा तास बोलायचं नाही."

हेच तो सगळ्यांना सांगायचा. तिनं दात मिटले.

त्यानं हातमोजे काढले. एक काढला, तो उलटा झालेला दुसऱ्यात कोंबला. पाठमोरा होता.

"त्या दिवशी बोळा कोरडा होता," तो म्हणाला.

बाहेर ट्राम वळली. वळणावर ती नेहमी करकरते, तशी करकरली.

"तुझीच रीत. आधी कोरडा. मी फवारा हवेत मारला आणि तू हात वर केलास. मग गार लावायला राहिलंच काय?" तो हात धुवायला लागला. "मला वाटलं, ट्राममध्ये सांगशील. मग वाटलं, पुढच्या सोमवारी सांगशील. थांबलो."

तिच्या तोंडातली घडी रक्तानं भिजून जड झाली होती. सांगायचं होतं ते एवढंच: मेलेल्या दाताला कोरडं काय आणि गार काय. मला कळलंच नाही की तू मला तपासतो आहेस. ही युक्ती परक्यांवर करायची असते, स्तुरे. घरच्या माणसावर ती कुणी करत नाही. पण चावून धरायचं होतं.

"दाढ वाचली नसतीच," तो म्हणाला. "तडा आधीचाच आहे. तू लगेच सांगितलं असतंस तरी, मी लगेच म्हटलं असतं तरी. त्याचं मनाला लावून घेऊ नकोस." त्यानं हात पुसले, बोटाबोटामधून, सावकाश. "आणि तू यायचीस. केस धुऊन यायचीस. तुला बरं वाटत होतं. दुसऱ्या मजल्यावर आम्ही कुणाला परत पाठवत नाही, यिल्वा."

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं राग असता तर तिनं तो दोन्ही हातांनी उचलून घरी नेला असता. राग नव्हता. वाकून, वाट बघत उभ्या असलेल्या डॉक्टराचा हिरमोड होऊ नये म्हणून पेशंट हात वर करतो. इथं डॉक्टरच इतका सभ्य निघाला होता की सगळा वसंत निरोगी हिरडी खरवडत बसला. आधी कोण, हे आज कळलं असतं तरी कुठल्या मजल्यावर जायचं? तिला एकदम योर्डिस आठवली, मांडीवर तयार ठेवलेला तिचा तो हात. हसू आलं असतं. पण टाके ताजे होते.

त्यानं दाढेचे दोन तुकडे कागदात गुंडाळून तिला दिले. पेशंटनं मागितले तरच देतात. तिनं मागितले नव्हते.

घरी आल्यावर तिनं कपाटातून ग्लास काढला, पाणी भरलं आणि तुकडे त्यात सोडले. तूवाचा दात पडला की असाच ग्लासात ठेवायचा. सकाळी दात गेलेला असायचा आणि तळाशी नाणं. नाणं टाकायचं काम स्तुरेचं. तो कधी विसरला नव्हता, एवढं त्याचं म्हणायला हवं. एकदा तापानं फणफणला होता तरी अनवाणी उठून टाकून आला होता. तिनं ग्लास खिडकीपाशी, टेबलावर ठेवला, स्तुरेला दिसेल असा, आणि दिवा मालवला.

सकाळी ग्लास जिथल्या तिथं होता. तळाशी दाढेचे दोन तुकडे, एकमेकांकडे पाठ करून पडल्यासारखे. स्तुरे समोर वर्तमानपत्र वाचत होता. ग्लास बाजूला सारून त्यानं कॉफीचा कप ठेवायला जागा केली होती, आणि काचेवर त्याच्या लोणी लागलेल्या बोटांचे ठसे होते. तिचा गाल सुजून तापला होता. तिनं ग्लास उचलला आणि गालाला टेकवला. रात्रभर खिडकीच्या थंडीत राहिलेलं पाणी. कळ गालातून गेली, रिकाम्या खाचेत उतरली, खाली हाडापर्यंत गेली, आणि टेबलावरचा तिचा दुसरा हात आपोआप, तिला न विचारता, वर आला.

पानाच्या कडेवरून स्तुरेनं पाहिलं. "काय झालं?"

"गार आहे," ती म्हणाली.

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. "हूं," तो म्हणाला. "खाडीवरचा वारा सुटलाय. मफलर घे." आणि पान उलटलं.